सुकटीचा वास लागलेला वजनकाटा

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे आणि माझ्या अंगाला सुकटीचा वास येतो. ज्यांना नाक मुरडायचं असेल त्यांनी आत्ताच मुरडून घ्यावं. या वासाची मला मुळीच लाज वाटत नाही. लाज कुणाला वाटायला हवी, ते मी सांगणारच आहे.

मला लहान बाळांची वजनं करण्यासाठी घडवलं. गोल पांढरी तबकडी, तिच्यावर काळा काटा, वर अडकवायला कडी आणि खाली हूक. हुकाला कापडी झोळी लावून तिच्यात बाळ बसवलं, की माझ्या पोटातली स्प्रिंग ताणते आणि काटा सरकतो. बोईसरच्या कारखान्यांपलीकडे एका पाड्यावर अंगणवाडी आहे, तिच्या तुळईला मला टांगलं. पाड्याचं नाव सांगत नाही, उगाच बदनामी नको. सेविका वत्सलाबाई तेव्हा नव्याने लागल्या होत्या. मी हरवू नये म्हणून त्यांनी घरून नखांना लावायचा लाल रंग आणला, माझ्या पाठीवर ‘अंगणवाडी’ असं लिहिलं आणि शेजारी एक फूल काढलं.

काय मान होता माझा! वजनाच्या दिवशी आयांची रांग लागायची. मुलं भोकाड पसरायची, एखादं खुशाल झोळीत मुतायचं. वत्सलाबाई बाळाच्या पायातले वाळे आणि कमरेचा करगोटासुद्धा काढायला लावत. दागिन्यांचं वजन बाळाच्या नावावर नको, असं त्या म्हणत. काटा मागच्या वेळेपेक्षा पुढे गेला की आई हसायची. नाही सरकला, तर बाई त्या घरी जाऊन चुलीवर काय शिजतंय ते बघून यायच्या.

मग नवं यंत्र आलं. सपाट, चकचकीत, आकडे उजळणारं. त्याच्याबरोबर सगळ्यांनी फोटो काढले आणि मला तांदळाच्या पोत्यामागे टाकलं. पुढच्या साफसफाईत मी भंगारात गेलो. बरं, नव्या यंत्राने इमानाने काम केलं असतं, तर मी हूं की चूं केलं नसतं. पण त्याचे सेल संपले. वरून नवे येईनात, इथून कुणी आणीना, आणि ते कपाटात गेलं. वजनं मात्र दर महिन्याला वर कळवली जात होती, हे मला मागाहून कळलं. कशी? अंदाजाने! मागच्या आकड्यात थोडं मिळवलं, की झालं. मुलं कागदावर छान बाळसं धरत होती. हे ऐकून माझ्या स्प्रिंगला आजही पीळ पडतो.

भंगारवाल्याकडून मला सुगंधामावशीने घेतलं. ती चिंचणीची. बोईसरच्या आठवडी बाजारात सुकी मासळी घेऊन बसते. जीभ तिखट, हात सढळ. बाळांच्या झोळीच्या जागी बोंबलांची पिशवी लागली, तेव्हा मला रडू आलं. पण मावशी मला फडक्याने पुसायची, खाऱ्या वाऱ्याने गंजू नये म्हणून तेलाचा थेंब सोडायची. अंगणवाडीत असं कुणी केलं नव्हतं.

एका बाजारी तिच्या टोपलीपाशी तानी आली. तानी आणि तिचा नवरा सुका जव्हारकडच्या डोंगरातले. भात कापून झालं की दोघं इकडे वीटभट्टीवर कामाला येतात. तानीच्या कडेवर मंगळी होती. टोपलीपाशी आलेलं मूल सुकटीला हात घालतं, ओढाओढ करतं. मंगळीने काहीच केलं नाही. ती नुसती बघत राहिली. मावशीचा हात थांबला.

“केवढी गो ही?”

“दीड वरसाची.”

“दीड? माजा नातू दर्पण दीड वरसाचा हाय. त्याला उचलला तं कंबर मोडते माजी! अंगणवाडीत दाकवली का नाय?”

“दोन डाव गेलू, मावशी. बाय बोलते, तुजं नाव तुज्या गावच्या यादीत हाय, थय जा. काम सोडून कशी जाऊ?”

मावशीने माझ्या हुकाची पिशवी काढली, धुतलेला फडका बांधला आणि त्यात मंगळीला बसवलं. इतक्या वर्षांनी माझ्या हुकाला बाळ लागलं. आता स्प्रिंग चांगली ताणेल म्हणून मी अंग सावरून बसलो. कसली ताणते! काटा साडेसहा किलोपाशी येऊन थांबला. अहो, सहा महिन्यांचं धट्टंकट्टं बाळ याहून जड भरतं! मला तोंड असतं, तर सगळा बाजार गोळा केला असता.

ते काम मावशीने केलं. टोपली शेजारणीच्या हवाली करून, मला पिशवीत कोंबून, तानीला घेऊन ती रिक्षात बसली. रिक्षा थांबली, मला पिशवीतून बाहेर काढलं, तेव्हा मी अंगणवाडीची ती तुळई ओळखली.

“मावशी, हिचं नाव माझ्या यादीत नाही,” वत्सलाबाई दारातच म्हणाल्या. “मी काय करू?”

“वजन कर.”

“यंत्राचे सेल संपलेत.”

“मंग ह्याच्यावर कर.” मावशीने मला पुढे केलं.

“मासळीच्या काट्यावरचं वजन मी कसं कळवू? आणि तक्त्यात लाल रंगातलं, म्हणजे अतिकुपोषित, एक जरी मूल जास्त दिसलं, की फोन मलाच येतात. कुणाला काय उत्तर देऊ?”

“माज्या सुकटीला काटा हाय, आनि ह्या पोरीला नाय?” मावशी कडाडली. “ती सुकट सुकलेलीच असते, बाय. ही पोर कुनी सुकवली?”

एवढं बोलून तिने मला तुळईला टांगलं. मी हेलकावा खाऊन गर्रकन फिरलो आणि माझी पाठ वत्सलाबाईंकडे झाली. लाल रंग पुसट झाला होता, पण फूल दिसत होतं. बाईंनी त्याच्यावरून बोट फिरवलं.

“हा तर आपलाच,” त्या हळूच म्हणाल्या.

त्यांनी मंगळीच्या पायातले वाळे काढले, करगोटा सोडला आणि तिला झोळीत बसवलं. काटा साडेसहाच्याही अलीकडे थांबला. बाईंनी वर फोन लावला. पलीकडून काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही, पण त्यांचं उत्तर मी विसरणार नाही. त्या म्हणाल्या, “हो, यादीत नाही. पण माझ्या दारात आहे.”

मंगळीला दवाखान्यात ठेवलं. वत्सलाबाई स्वतः सोबत गेल्या. मंगळी परत आल्यावर मी तिला नेमाने तोलत राहिलो. काटा मुंगीच्या पावलांनी पुढे गेला. भट्टी बंद होऊन तानी डोंगरात परत निघाली, तेव्हा तो आठाच्या पुढे होता आणि मंगळीने माझी झोळी दोन्ही मुठींनी गच्च धरून ठेवली होती. तिच्या गावच्या अंगणवाडीत तिला तोलायला काटा टांगलेला आहे, की तोही कपाटात आहे, मला ठाऊक नाही. तीच काळजी मला पोखरते.

मी मात्र दोन घरचा झालो. मावशीने बजावलंय, “वजनाच्या दिवशी तुज्याकडं, बाजाराच्या दिवशी माज्याकडं. आनि धुवून दे.” कितीही धुतलं तरी वास जात नाही. मुलं नाक धरतात आणि हसतात. हसू देत.

मित्रांनो, मला पुसा, तेल घाला, जपा, असं मी सांगणार नाही. मी गंजलो तर दुसरा काटा मिळेल. दुसरी मंगळी मिळणार नाही. तुमच्यातलं कुणी उद्या अशा एखाद्या दारात सेविका, डॉक्टर किंवा साहेब होऊन उभं राहील. समोर कुणी कडेवर मूल घेऊन आलं, तर आधी त्याचं वजन करा. नाव मागाहून विचारा.