जयवंताबाई विमानात बसल्या

१९८३ साली दिवाळीच्या आठ दिवस आधी मीरा मुंबईहून आंजीला, आपल्या गावी आली, ती डावा हात प्लास्टरमध्ये घालून. ती विमानात हवाई सुंदरी होती. गावातून अशा नोकरीला गेलेली ती पहिलीच मुलगी, म्हणून बसमधून उतरल्यापासून घरापर्यंत निम्मं गाव तिच्या मागे आलं.

जयवंताबाईंनी आधी लेकीला जेवू घातलं, मग विचारलं. मीराने सांगितलं, की त्यांच्या पुढे एक जंबो विमान उतरत होतं. एवढं मोठं विमान गेलं, की त्याच्या पंखांमागे हवेचे भोवरे राहतात आणि दोन-तीन मिनिटं विरत नाहीत. मीराचं विमान त्यात सापडलं आणि एकदम एका अंगावर कललं. प्रवासी पट्टे बांधून बसले होते. मीरा उभी होती, ती आदळली.

वडील सदाशिवराव शाळामास्तर. त्यांना ते लगेच पटलं. आर्वी रोडवर कापसाचा ट्रक बाजूने गेला, की त्यांची सायकलही अशीच डगमगायची.

जयवंताबाईंचं मात्र एकाच गोष्टीवर अडलं.

"सारे बसून होते, तं तूच काऊन उभी होती?"

एका म्हातारीला पट्टा लावता येत नव्हता, म्हणून, मीरा म्हणाली.

"तिचा तू बांधला. तुहा कोन बांधीन?"

जयवंताबाईंनी ठरवून टाकलं, की आता नोकरी पुरे.

महिनाभर त्यांनी लेकीला हलू दिलं नाही. पण मीरा ओसरीवर शेजारच्या बायांना ढगांच्या वरचं ऊन कसं असतं ते सांगायला लागली, की तिचा चेहरा असा उजळायचा, की जयवंताबाई भाकरी थापायच्या थांबून ऐकत राहायच्या. प्लास्टर निघालं त्या दिवशी त्या सदाशिवरावांना म्हणाल्या, की नाही म्हणण्याआधी एकदा डोळ्यांनी पाहून येते.

म्हणून जानेवारीत, मीरा कामावर परतल्यावर, त्या नागपुरात तिच्याच विमानात चढल्या, नवं लुगडं नेसून, मांडीवर लाडवांचा डबा घेऊन. जागा अगदी पुढची होती. समोर दाराजवळ मीराची घडीची खुर्ची, प्रवाशांकडे तोंड केलेली. मायलेकी समोरासमोर आल्या. जयवंताबाईंनी पट्टा लावला तो सोडलाच नाही. मीरा सगळ्यांना चहा देत हसत फिरत होती. ही आपलीच पोरगी, हे शेजारच्या गृहस्थांना त्यांनी तीनदा सांगितलं.

मुंबई जवळ आली. पुढे एक जंबो उतरत आहे, थोडे धक्के बसतील, सगळ्यांनी बसून घ्यावं, असं वैमानिकाने सांगितलं. मीरा खुर्चीवर बसली, खांद्यावरचे पट्टे ओढून घेतले. तेवढ्यात चौथ्या रांगेतला एक माणूस उठून वरची बॅग काढू लागला. मीराने बसल्या जागेवरूनच त्याला दोनदा सांगितलं. तो ऐकेना. तिचा हात पट्ट्याच्या खटक्याकडे गेला.

जयवंताबाईंनी तो हात पाहिला. मान मागे वळवून त्या म्हणाल्या, "भाऊ, बसा खाली. माही पोरगी तुमच्यासाठी उठनार नाई."

मास्तरणीचा आवाज. माणूस मुकाट्याने बसला, पट्टाही लावला. मीराचा हात मांडीवर आला.

आणि विमान कललं. उजवा पंख खाली गेला, कुणाचा तरी चष्मा घरंगळत गेला. जयवंताबाईंनी डबा पोटाशी धरला आणि समोर पाहिलं. मीरा खुर्चीला घट्ट टेकून बसलेली, पाय रोवलेले, आवाज शांत, सगळ्यांना बसून राहायला सांगत असलेली. तिचा केसही हलला नव्हता. दोन श्वासांत विमान सरळ झालं, आणि जयवंताबाईंना हसूच फुटलं. लहानपणी उंच झोक्यावर फुटायचं तसं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

विमान उतरल्यावर चौथ्या रांगेतला माणूस येऊन त्यांच्या पाया पडला. त्यांनी त्याला दोन लाडू दिले.

बाहेर येताना मीराने भीतभीत विचारलं, "आई, मग नोकरीचं काय?"

"कर. पन बसाले सांगतलं, की तू पयले बसजो."

मीराने त्यांच्या परतीसाठी रेल्वेचं तिकीट काढून ठेवलं होतं. ते जयवंताबाईंनी तिच्या हातात परत दिलं आणि नागपूरचं विमान किती वाजता असतं ते विचारलं.