उतारावरचा खड्डा

खड्डा कुणाचा हे हेरबोर्गने पडता पडताच ठरवून टाकलं. शहरातून ईस्टरच्या सुट्टीपुरतं कुणी येतं, नव्याकोऱ्या स्की पायात चढवतं, बर्चच्या झाडांपाशी आपटतं आणि अंग झटकून निघून जातं. मागून येणाऱ्याची पर्वा कुणाला? ती बर्फात उताणी पडली होती. काठीच्या पट्ट्यात डावा हात अडकून अंगठा मागे वळला होता आणि कळ कोपरापर्यंत गेली होती. तशाच अवस्थेत तिने त्या अज्ञात माणसाच्या तोंडाला येतील त्या शिव्या घातल्या.

पडायला कुणाची ना नाही. या डोंगरावर पडला नाही असा माणूस नाही. पण पडलास तर उठायचं, स्की उताराला आडव्या करायच्या आणि आपल्या ढुंगणाने केलेला खड्डा तुडवून सपाट करायचा, मगच पुढे जायचं. चालायला लागलेलं पोरसुद्धा हे करतं. रात्री खड्डा गोठतो, त्याची कड दगडासारखी होते आणि सकाळी वेगाने उतरणाऱ्याचं हाड मोडतं. हे काय कुणाला शिकवायला हवं?

ती कुशीवर वळली, दोन्ही काठ्या एकत्र धरून बर्फात रोवल्या आणि एका दमात उठली. साठी उलटून बरीच वर्षं झाली होती, पण उठायला तिला आजवर कुणाचा हात लागला नव्हता. खड्डा तिने तुडवला नाही. ज्याने केला त्यानेच बुजवावा. तिने बर्चची एक वाळकी फांदी मोडून खड्ड्यात खूण म्हणून रोवली आणि तशीच तणतणत खाली तळ्याकडे उतरली.

तळ्याकाठी प्रेबेनची झोपडी होती. झोपडी कसली, भल्यामोठ्या काचा लावलेलं दुकानच. ओस्लोहून आलेला हा चाळिशीचा माणूस भिंतीला टेकून, डोळे मिटून उन्हात बसला होता. मांडीवर संत्र्याची सालं पडली होती.

"प्रेबेन, तुला पडता येतं का रे?" हेरबोर्गने विचारलं.

त्याने डोळे उघडले. "येतं की. तेवढं एकच मला नीट येतं."

"मग तुडवता येत नाही? का त्याला नोकर ठेवलाय?"

"काय तुडवायचं?"

"बर्चजवळचा खड्डा. त्यात बैल लोळला असता तरी एवढा झाला नसता. माझा अंगठा बघ. उद्या तिथून कुणाचं पोर उतरलं असतं म्हणजे? तुम्हाला डोंगर हवा, ऊन हवं, फोटो हवेत. डोंगराची रीत मात्र नको. एवढ्या काचा बसवल्यास, त्यातून बाहेर बघतोस की नुसता आरशासारखा वापरतोस?"

आणखीही बरंच काही ती बोलली. प्रेबेनने दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. तिच्या सुजलेल्या अंगठ्याकडे त्याची नजर गेली तसा त्याचा चेहरा उतरला.

"चुकलं," तो म्हणाला. "मी बुजवतो. आत्ताच."

त्याने भिंतीला टेकवलेलं फावडं उचललं आणि स्की चढवून निघाला. हेरबोर्गही त्याच्या मागोमाग चढाला लागली. हा माणूस वरवर चार फावडी टाकून येईल, याची तिला खात्रीच होती. काम कसं करायचं असतं ते तिथे उभं राहून सांगायची तिची तयारी होती.

प्रेबेनने फावडं मारायला सुरुवात केली. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि पहिल्यांदा तिने खड्ड्याकडे नीट पाहिलं.

खड्ड्याभोवती काठ्यांच्या खुणा होत्या. आजकालच्या काठ्यांच्या टोकाला इवलीशी चकती असते, तिचा ठसा बिस्किटाएवढा. हे ठसे बशीएवढे होते, आत चामड्याच्या वाद्यांची फुली उमटलेली. तशा बांबूच्या काठ्या या डोंगरावर एकच माणूस वापरत होता. वडिलांच्या आहेत, अजून मोडल्या नाहीत, मग नव्या कशाला, असं तो सगळ्यांना सांगायचा.

तो तिचा नवरा होता, आस्लाक.

आणि ठसे एका जागचे नव्हते. काठ्या इथे रोवलेल्या, तिथे रोवलेल्या, घसरलेल्या. मध्ये गुडघ्याचे खळगे, एकावर एक. खड्ड्यापासून बर्चच्या बुंध्यापर्यंत बर्फात एक रुंद चर गेला होता. कुणीतरी पोटावर सरपटत झाडापर्यंत गेलं होतं आणि बुंध्याला धरून उभं राहिलं होतं. काल दुपारी आस्लाक ओलाचिंब घरी आला, तेव्हा छपरावरचा बर्फ अंगावर पडला म्हणाला होता. तिने त्याला कोरडे मोजे दिले होते आणि वर बावळटही म्हटलं होतं.

"तू पाहिलंस त्याला," ती प्रेबेनला म्हणाली.

प्रेबेनचं फावडं थांबलं. "काल. काचेतून दिसले. मी वर आलो, हात पुढे केला तर त्यांनी काठी उगारली. बायकोला सांगितलंस तर याद राख, म्हणाले."

"आणि म्हणून तू माझ्या शिव्या खाल्ल्यास?"

"तुम्ही मध्ये बोलायला जागाच सोडत नव्हता."

हेरबोर्ग वळली आणि वर आपल्या झोपडीकडे निघाली. आता तिचा राग प्रेबेनवर नव्हता, पण कमी मात्र झाला नव्हता. उलट चढासरशी वाढतच होता. म्हातारा असाच एकटा पडेल, कुणाला हाक मारणार नाही, आलेल्याला हाकलून देईल आणि सूर्य गेला की तिथेच गोठेल. ठरलेलंच होतं ते. आज नाही तर उद्या.

आस्लाक ओट्यावर स्कीला मेण घासत होता.

"छपरावरचा बर्फ कसा आहे?" तिने विचारलं.

त्याने वर पाहिलं, तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मेण खाली ठेवलं. "त्याने सांगितलं वाटतं."

"तुझ्या काठ्यांनी सांगितलं. किती वेळ होतास तिथे?"

"होतो थोडा वेळ."

"सरपटत गेलास झाडापर्यंत. अर्ध्या गावाच्या पोरांना पडायला तू शिकवलंस. काठ्या हातात द्यायच्या आधी महिनाभर नुसतं पाडायचास त्यांना. पडायची लाज वाटते त्याने घरी जावं, असं ओरडायचास. आणि आता स्वतः खोटं बोलतोस?"

"पडायची लाज नाही वाटत मला."

"मग कसली वाटते?"

"उठता येत नाही त्याची," आस्लाक म्हणाला. त्याचा आवाजही आता चढला होता. "गुडघा ऐकत नाही. काठ्या रोवतो, जोर लावतो आणि मध्येच पाय गायब होतो. बस, ऐकलंस? आणि तुला सांगू? तुलाच? गेल्या ईस्टरला म्हातारा ओडवार उतारावर पडला, त्याला लोकांनी उचलून आणलं, तेव्हा टेबलावर कोण काय म्हणालं होतं?"

हेरबोर्गला आठवलं. वॉफलवर जॅम लावता लावता ती म्हणाली होती, ज्याला उठता येत नाही त्याने चुलीजवळ बसावं, लोकांना कशाला कामाला लावायचं. सगळे हसले होते. आस्लाकही हसला होता.

"ते मी ओडवारबद्दल म्हटलं," ती म्हणाली.

"हो. माझ्याबद्दल म्हणायला तुला एकच वर्ष थांबायचं होतं."

आस्लाकने स्की जमिनीवर टाकल्या आणि बूट अडकवायला लागला.

"कुठे निघालास?"

"खड्डा बुजवायला. राहून गेला होता. गुडघ्याने तुडवता येईना, म्हणून सकाळी लवकर जाणार होतो, तर तू आधी गेलीस."

"नको जाऊस. प्रेबेन बुजवतोय."

हे तिने बोलायला नको होतं. आस्लाकचं तोंड लाल झालं. "माझा खड्डा? तो बुजवतोय?"

"मीच लावलं त्याला कामाला. तेव्हा मला माहीत नव्हतं ना."

पण तो निघालासुद्धा. बांबूच्या काठ्यांनी जोर देत तो उताराच्या तोंडाशी पोचला, गुडघे वाकवले आणि सुटला. अजूनही तो सुंदर उतरायचा. हेरबोर्गने घाईघाईने स्की चढवल्या, एकाच हातात काठी धरली आणि मागोमाग सुटली. अर्ध्या उतारावर पोचली तोवर तो पडला होता.

वाईट पडला नव्हता. शिकवायचा तसाच पडला होता, बाजूला, सैल अंगाने, काठ्या शरीरापासून दूर ठेवून. उतारावर थोडा खाली प्रेबेन फावडं घेऊन उभा होता. त्याने वर पाहिलं आणि मग मुद्दाम पाठ फिरवून तळ्याकडे बघत राहिला.

आस्लाकने स्की उताराला आडव्या केल्या. काठ्या जुळवल्या, एक हात मुठीवर, एक हात खाली बर्फाजवळ. सगळं बरोबर होतं. अंग वर उचललं, गुडघा थरथरला आणि तो धप्पकन बसला. पुन्हा केलं, पुन्हा बसला. त्याच्या भुवयांवर घाम आला होता आणि तोंडाने तो काहीतरी पुटपुटत होता.

हेरबोर्गने हात पुढे केला. "धर."

"तुझा अंगठा मोडलाय."

"दुसरा पुढे केलाय. डोळे गेले का?"

"तुझा हात नको मला. आणि त्याचाही नको. जा तुम्ही दोघं. मी येतो."

"कधी येतोस? मे महिन्यात?"

"चुलीजवळ जाऊन बस तू."

ते तिला लागलं. लागायलाच हवं होतं. ती तिथे उभी राहिली आणि तिला वाटलं, याच्या डोक्यात काठी घालावी. मग वाटलं, स्वतःच्या घालावी. हा माणूस बर्फात मरून जाईल पण हात धरणार नाही, आणि त्याला तसं करायला तिनेच शिकवलं होतं. जॅम लावता लावता.

तिने काठी फेकून दिली आणि त्याच्या शेजारी बर्फात अंग टाकलं.

"हे काय करतेस?" आस्लाक म्हणाला.

"पडले."

"बसलीस. मी पाहिलं."

"पडले म्हटलं ना एकदा."

दोघं तशीच पडून राहिली. तळ्यावरून वारा येत होता आणि तिच्या पाठीखालचा बर्फ हळूहळू कपड्यांत शिरत होता. आस्लाकने तिच्याकडे बघायचं टाळलं. थोड्या वेळाने म्हणाला, "उठ. गारठशील."

"तू उठ."

उठणं तिला सहज जमलं असतं. एका हाताने, एका काठीने, डोळे मिटून. तिने मान वळवून खाली हाक मारली.

"प्रेबेन, वर ये. मला उठता येत नाहीये."

आस्लाकने झटकन तिच्याकडे पाहिलं. प्रेबेन वर आला. बांबूच्या काठीपासून जरा लांबच उभा राहिला आणि त्याने हात पुढे केला. हात धरून कसं उठायचं हेच हेरबोर्गला कळेना. तिने बोटं धरली, ती निसटली, मग मनगट धरलं. त्याने ओढलं तशी ती वेडीवाकडी, धडपडत, त्याच्या छातीवर आदळत उभी राहिली. लाजेने तिचे कान तापले होते. ज्या माणसाला तासाभरापूर्वी तिने नाही नाही ते ऐकवलं होतं, त्याच्या जॅकेटला ती दोन्ही हातांनी धरून उभी होती.

"मघाशी बोलले ते चुकीचं होतं," ती त्याला म्हणाली. "आणि उचललंस, बरं केलंस."

हे तिने मुद्दाम मोठ्याने म्हटलं. आस्लाक खाली पडल्या पडल्या तिच्याकडे बघत राहिला. ती नाटक करतेय हे त्याला पुरतं ठाऊक होतं, आणि ते करताना तिचं काय झालं होतं तेही. मग त्याने मनगटावरचा काठीचा पट्टा सोडवला, काठी बाजूला ठेवली आणि रागारागाने प्रेबेनपुढे हात केला.

"जोर लावून ओढ," तो म्हणाला. "मी तिच्यापेक्षा जड आहे."