समुद्राचं तिकीट

मित्रांनो, पुढं सरका, दाराशी गर्दी करू नका! माफ करा हं, एकतीस वर्षांची सवय आहे. मी एसटीतला जुना चिमटा, तिकिटाला भोक पाडणारा. वाहक लोक मला ‘पंच’ म्हणायचे. हल्ली वाहकाच्या हातात मशीन असतं, म्हणून तुम्ही मला पाहिलं नसेल. माझ्या काळात मी दांडीवर टक्-टक् वाजलो की डुलक्या घेणारा प्रवासीसुद्धा खिसे चाचपायचा. असा माझा रुबाब!

माझे धनी बलभीमराव, अणदूरचे. नोकरी मात्र कळंब ते भूम आणि भूम ते कळंब. एकदा मी गाडीच्या पायरीवरून घरंगळलो आणि माझ्या दाताचा टवका उडाला. तेव्हापासून माझं भोक गोल पडेना, चंद्रकोरीसारखं पडू लागलं. दुसऱ्या कुणी बदलून घेतलं असतं. धनी म्हणाले, “असू दे. आपलं तिकीट ओळखू तरी येतं.” कोण कुठं उतरणार हे त्यांना तोंडपाठ असायचं. एखादी म्हातारी झोपून गेली तर तिच्या गावाला गाडी थांबवून तिचं गाठोडंही तेच खाली उतरवायचे.

ड्रायव्हरच्या पाठीमागं कुणीतरी समुद्राचं एक चित्र चिकटवलं होतं. आमच्या कोरड्या मुलखातून जाताना धनी रोज त्याच्याकडं बघायचे. “रिटायर झालो की हे बघायला जाणार,” म्हणायचे. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी शाल-नारळाबरोबर मलाही आठवण म्हणून त्यांना देऊन टाकलं. पुढं दोनच वर्षांत धनी गेले. समुद्र राहिला तो राहिलाच.

मी देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात जाऊन बसलो. अयोध्याबाई, म्हणजे आमच्या मालकीणबाई, मला रोज पुसायच्या.

मग एका दिवाळीत त्यांची लेक अर्पिता पुण्याहून आली ती एक नवीनच खूळ घेऊन. जगभर लोक म्हणे छोट्या डब्या लपवून ठेवतात आणि बाकीचे मोबाईलवर ठिकाण बघून त्या शोधतात. जिओकॅशिंग म्हणतात त्याला. डबीत एखादी प्रवासी वस्तूही असते. तिच्या गळ्यात नंबराचा बिल्ला. ज्याला सापडेल त्यानं ती पुढच्या डबीत नेऊन ठेवायची, अन् कुठं पोचली ते मोबाईलवर नोंदवायचं.

अर्पितानं बाजेवर एक प्लास्टिकचा हत्ती ठेवला, एक शिट्टी ठेवली. “यातलं काय पाठवू गं आई?”

मालकीणबाई उठल्या, कोनाड्यातून मला उचललं आणि हत्तीच्या शेजारी ठेवलं.

“आई, हे नको! हरवलं तरी जीव तुटणार न्हाय असंच पाठवायचं असतं.”

“ज्याच्यात जीवच न्हाय त्याला फिरवून काय करायचं?” मालकीणबाई म्हणाल्या. “ह्यांना समुद्राला पाठीव. माझं काळीज थकलंय, डाक्टर मला तुळजापूरच्या पुढं जाऊ देत न्हायती. फोटो आला म्हंजे मी बी बघितला असं समजीन.”

“मग मीच नेते की.”

“तू नको. जल्मभर ह्यांनी अनोळखी माणसं पोचवली. आता अनोळखी माणसांनी ह्यांना पोचवू दे. आपला खंडोबा दरसाल पालखीतनं नळदुर्गाला जातो अन् माघारी येतो का न्हाय? हे बी येतील.”

झालं. माझ्या गळ्यात बिल्ला आला. अर्पितानं सोबत चिठ्ठी लिहिली, ‘याला समुद्राकडे न्या, फोटो टाका.’ शोधणारे बाहेरगावचे असतात म्हणून तिनं ती इंग्रजीत लिहिली. नळदुर्गजवळच्या माळावर, करंजीखालच्या दगडांत एका स्टीलच्या डब्यात मला ठेवलं. मी लई खूश होतो, खोटं कशाला सांगू!

नवव्या दिवशी डबा उघडला. उघडणारे होते कल्याणप्पा, आमच्याच रस्त्यावरचे निवृत्त वाहक, आता नळदुर्गात राहणारे. सकाळचे फिरायला आलेले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी चिमटा पाहिला, नंबराचा बिल्ला पाहिला, तो वाहकाचाच वाटला आणि त्यांचा चेहराच पडला. “अरं देवा! कुणाचा तरी पंच चोरून दडवलाय की!” नोकरीत त्यांचा स्वतःचा पंच एकदा हरवला होता. ती चौकशी, ती बोलणी त्यांच्या अजून काळजात होती. कुणा बिचाऱ्यावर तशी पाळी नको म्हणून ते उन्हातान्हात आगारात गेले आणि मला जमा करून आले. साहेबांनी मला कपाटात ठेवलं. कल्याणप्पा पुण्य केल्याच्या समाधानानं घरी गेले.

मित्रांनो, त्या माणसावर मी रागावू तरी कसा?

चौदा महिने मी कपाटात होतो. तिकडं मालकीणबाई रोज लेकीला फोन करायच्या. “हे कुठवर पोचले गं?” मोबाईलवर नळदुर्गच्या पुढं काही सरकत नव्हतं. अर्पिता दोनदा माळावर जाऊन आली. डब्यात चिठ्ठी होती, मी नव्हतो. आईला काय सांगणार? ती म्हणायची, “निघालेत. वाटेत हैत.” हे सगळं मला नंतर कळलं.

मग एकदा कपाटाची साफसफाई निघाली. पाससाठी आलेल्या कल्याणप्पांना साहेब म्हणाले, “तुम्ही आणलेला पंच न्यायला कुणीच आलं नाही. घेऊन जा.” कल्याणप्पांनी सहज मला कागदावर दाबलं. टक्. चंद्रकोर पडली.

“ही तर आमच्या बलभीमची!”

त्याच पावली ते अणदूरला आले. दारातूनच हाक मारली, “वहिनी! बघा, तुमची वस्तू घावली!”

दार अर्पितानं उघडलं. आत कोनाड्यात धन्यांच्या फोटोशेजारी दुसरा फोटो होता. त्याला हार होता. तेरावा होऊन चारच दिवस झाले होते.

सगळं ऐकल्यावर कल्याणप्पा उंबऱ्यावरच बसले. “म्या इमानदारीनं केलं गं पोरी,” एवढंच म्हणत राहिले, आणि लहान लेकरासारखे रडले.

अर्पिताही रडली. “तुमची चूक न्हाय, काका. मी मराठीत एक ओळ लिहिली असती तर...” मग म्हणाली, “शेवटच्या दिवशीबी तिनं विचारलं. मी सांगितलं, पोचले आई, समुद्र दिसला त्यांना. ती हसली. मी खोटं बोलले, काका.”

“मी जातो घेऊन. आजच जातो,” कल्याणप्पा म्हणाले.

“नको. अनोळखी माणसांनीच न्यायचंय. आईनं तसं सांगितलंय.”

मित्रांनो, आता मी पुन्हा त्याच करंजीखाली, त्याच डब्यात आहे. या खेपेला चिठ्ठी मराठीत आहे. मी सापडलो तर मला जपून ठेवू नका, कुठं जमा करू नका, आणि अणदूरच्या घरी तर नेऊच नका. तिथं माझी वाट बघणारं आता कुणी नाही. मला फक्त पुढं न्या. अर्पिता खोटं बोलली आहे, ते मला खरं करायचं आहे. समुद्र आला की एखाद्या कागदावर मला एकदा दाबा, म्हणजे धनी पोचले हे मला कळेल.