लोण्यासारखा चाप

उस्तादांना उस्ताद म्हणायला कुणी सुरुवात केली ते कुणालाच आठवत नव्हतं. बायकोचं म्हणणं, दुसरं कोण, त्यांनी स्वतःच केली असणार. पिस्तुलं दुरुस्त करण्यात माणसाची तीस वर्षं गेली होती. दुकानात लांब टेबल, तेलाचे डबे, बावीस कानशी आणि भिंतीवर त्यांचाच फोटो. कारखान्यातून आलेल्या पिस्तुलाचा चाप ओढायला जड असतो. उस्ताद आतली खाच घासून तो असा हलका करून देत, की बोट लावताच गिऱ्हाईक म्हणायचं, "वा, लोणी!" या एका शब्दावर उस्ताद चार दिवस उपाशी राहू शकले असते.

त्यांच्या लेकीला कोर्टाच्या दारावर पहारेकऱ्याची नोकरी लागली. दिवसभर वकील, पक्षकार आणि कडेवरची पोरं यांच्या धक्काबुक्कीत उभं राहायचं. पिस्तूल ज्याचं त्याने आणायचं आणि शुक्रवारपर्यंत त्याचा नंबर कळवायचा. उस्तादांच्या मते यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. वीस वर्षं स्वतःच्या कमरेला लावलेलं पिस्तूल त्यांनी मखमलीत गुंडाळून तिच्यापुढे ठेवलं. चेहरा असा, की राज्यच देऊन टाकलं.

लेकीने मॅगझिन काढलं, वरचा भाग मागे ओढला, नळीत गोळी नाही ना ते डोळ्यांनी पाहिलं आणि वर करंगळी घालून चाचपलं. सख्ख्या बापाने रिकामं करून दिलेलं! उस्तादांना राग आला, पण ही सवय त्यांनीच तिला लावली होती, त्यामुळे बोलायची सोय नव्हती.

तिने आपली निवड आधीच करून ठेवली होती. कपाटातलं एक काळं, बोजड पिस्तूल, साबणाच्या झिजलेल्या वडीसारखं. नेमबाजीच्या मैदानावर त्यातून तिने धुळीत, जुन्या गोळ्यांवर पाचशे बार काढले होते, एकदाही अडकलं नाही. उस्तादांचं शंभरात दोनदा अडकलं. उस्तादांनी गोळ्यांच्या सात पिढ्या उद्धारल्या. तुझ्या त्या ठोकळ्याचा चाप ओढणं म्हणजे अक्कलदाढ उपटणं आहे, असंही सुनावलं. ती म्हणाली, "बाबा, मी धक्के खात उभी राहणार. मला जडच बरा."

तरी बापाचं मन राखायचं म्हणून तिने मखमलीतलं पिस्तूल तपासायला घेतलं. मागचा घोडा चढवला, सेफ्टीचा खटका लावला आणि चाप दाबला. घोडा जागचा हलला नाही. उस्तादांनी मिशीवरून हात फिरवला. तिने चाप सोडला, बोट बाजूला काढलं आणि अंगठ्याने सेफ्टी उघडली.

घोडा खाडकन पडला. चापाला कुणाचंही बोट नव्हतं.

उस्तादांनी पिस्तूल हिसकावून घेतलं आणि स्वतः दहा वेळा करून पाहिलं. सहा वेळा पडला. आधी तेलाला दोष दिला, मग स्प्रिंगला, मग हवेला. शेवटी पिस्तूल खोलून भिंग लावलं. घोडा अडवून धरणाऱ्या खाचेची कड साफ गोल झाली होती, आणि कानशीचे ओरखडे त्यांच्याच हातचे होते. आपल्या कामावर त्यांचा इतका विश्वास, की ते तपासायचं त्यांना कधी सुचलंच नव्हतं. ही पोर लहानपणी त्यांच्या मांडीवर बसायची, आणि हे कमरेला असायचं, भरलेलं.

आतून बायको येऊन उभी राहिली होती. तिने सगळं पाहिलं होतं.

"आणि हे तुम्ही वीस वर्षं माझ्या उशाशी ठेवलंत," ती म्हणाली. मग तिने भिंतीवरचा त्यांचा फोटो उतरवून टेबलावर पालथा ठेवला. तीस वर्षांच्या संसारात असं पहिल्यांदाच घडत होतं, त्यामुळे उस्ताद आणखी घाबरले.

त्यांनी पिस्तूल पुन्हा मखमलीत गुंडाळायला घेतलं. आपल्यापुरता विषय मिटला, अशी त्यांची समजूत. पोरीला तो ठोकळाच द्यायचा, झालं. पण लेक जागची हलेना.

"बाबा, हे लोणी किती जणांना वाटलंत?"

उस्तादांनी मनातल्या मनात मोजायला सुरुवात केली आणि सदतिसाव्या गिऱ्हाइकाशी थांबले. त्यात दोन ड्रायव्हर, एक शाळेचा रखवालदार आणि एक सराफ, जो पाहुण्यांसमोर पिस्तूल काढून चाप किती हलका ते दाखवत असे. फोन लेकीनेच लावून हातात दिला.

सराफाने लगेच उचलला. उस्ताद म्हणाले, पिस्तूल जिथे आहे तिथेच राहू द्या, खटक्याला बोटसुद्धा लावू नका, मी स्वतः येतोय, आत बिघाड आहे. सराफ मोठ्याने हसला. तुमच्या हाताखालून गेलेल्या पिस्तुलात बिघाड करायची हिंमत कोणत्या गाढवाने केली, असं त्याने विचारलं.

उस्तादांनी लेकीकडे पाहिलं. तिने नजर हटवली नाही.

"मी," ते म्हणाले.