अर्ध्या सेकंदाची धास्ती

मित्रांनो, मी एक जुना फोन आहे आणि जन्माचा घाबरट आहे. कारखान्यात माझी काच बसवणाऱ्या बाईंनी पहिल्यांदा माझ्यावरून बोट फिरवलं, तेव्हाही मी दचकलो होतो. त्या म्हणाल्या, "चालतोय," आणि मला खोक्यात घातलं. त्या एका शब्दावर मी इतकी वर्षं काढली.

पुढे मी अ‍ॅप बनवणाऱ्या एका ताईंकडे आलो. कौतुकाचे दिवस होते ते! मऊ फडक्याने पुसत, उशाशी ठेवत. मग नवा फोन आला आणि माझी रवानगी त्यांच्या ऑफिसातल्या खणात झाली. पाठीवर चिकटपट्टी लागली, 'सर्वांत हळू'. वाईट वाटलं, पण काम महत्त्वाचं होतं. प्रत्येक नवं अ‍ॅप माझ्यावर चालवून बघत. पान सरकताना मी अडखळलो, की ते साध्या फोनवर अडखळणार हे ताईंना कळे.

तपासणी करणारे दादा मात्र घाईचे. शंभर तपासण्या झटपट उरकाव्यात म्हणून त्यांनी माझ्या सेटिंगमध्ये स्क्रीनवरच्या सगळ्या सरकत्या-उलगडत्या हालचाली, म्हणजे अ‍ॅनिमेशन, बंद केल्या. पुन्हा चालू करायला विसरले.

त्याच आठवड्यात ताईंनी एकट्या राहणाऱ्या आजारी माणसांसाठी अ‍ॅप तयार केलं. 'मदत' दाबलं की लाल पडदा अलगद वर सरकणार आणि पाच सेकंदांनी घरच्यांना फोन जाणार. चुकून दाबलं तर थांबवायला पडद्यावर 'रद्द करा' होतं, नेमकं 'मदत' असायचं त्याच जागी. माझ्या काळजात धस्स झालं. पडदा सरकताना त्याच्या सावल्या क्षणाक्षणाला नव्याने रंगवणं माझ्या कुवतीबाहेरचं. हालचाली चालू असत्या तर मी अर्धा सेकंद गोठलोच असतो. घाबरलेला माणूस पुन्हा दाबणार, आणि तोवर बोटाखाली 'रद्द करा' आलेलं असणार!

पण हालचाली बंद होत्या. पडदा न सरकता एकदम समोर येई.

"बघा, म्हातारासुद्धा कसा मस्त पळतोय!" दादा म्हणाले.

"मग सोमवारी लोकांना देऊन टाकू," ताई म्हणाल्या.

माझ्या वेगाचं पहिल्यांदाच कौतुक झालं, आणि तेही खोटं. मला ओरडून सांगायचं होतं. पण फोनला दुसऱ्यांचा आवाज पोचवता येतो, स्वतःचा नाही.

रविवारी ताई मला वडिलांकडे घेऊन गेल्या. त्यांचा फोन पाण्यात पडला होता. हृदयाचं दुखणं, आणि घरात एकटे. देण्याआधी ताईंनी माझ्यातली सगळी माहिती पुसून मला कोरं केलं, त्यात दादांची सेटिंगही पुसली गेली. हालचाली परत आल्या, आणि मग ताईंनी नवं अ‍ॅप माझ्यात घातलं. मी आणखीनच घाबरलो. बाबांच्या छातीत खरंच दुखलं, तर मीच दगा देणार होतो.

ताई निघायला म्हणून चपला घालत होत्या. "बाबा, एकदा दाबून बघा बरं. माझा फोन वाजला पाहिजे."

बाबांचं बोट 'मदत'वर आलं. मी जिवाच्या आकांताने पडदा ओढला. ओढवेना.

"अगं, काही होतच नाहीये," म्हणत बाबांनी पुन्हा दाबलं.

पाच सेकंद गेले. दहा गेले. दाराशी ताईंचा फोन गप्पच.

"दाबलंत ना?"

"एकदा सोडून दोनदा दाबलं की!"

ताईंनी मला हातात घेतलं. 'रद्द झाले' हे शब्द वाचले, आणि एक चप्पल पायात, एक बाहेर, अशाच दारात त्यांनी स्वतः 'मदत' दाबलं; ऑफिसात एकदम समोर येणारा पडदा इथे अडखळत वर सरकला. मग तो रद्द करून दादांना फोन लावला. "उद्याचं थांबवा. खणातल्या सगळ्या फोनच्या हालचाली आधी चालू करा."

आठवडाभर त्यांनी काम केलं. सावल्या काढल्या, आधीच रंगवून ठेवलेला पडदाच तेवढा सरकू लागला. 'रद्द करा' हे बटण वरच्या कोपऱ्यात नेलं, आणि तेही दाबून धरावं लागतं. माझं अडखळणं थांबलं.

मित्रांनो, आम्हा जुन्यांना हळू म्हणा, हसा हवं तर. पण आमचं अडखळणं झाकू नका. आमच्याजवळ सांगायला तेवढंच असतं.

आता मी बाबांच्या उशाशी असतो. दर रविवारी ते 'मदत' दाबून बघतात, एकदाच. ताईंचा फोन वाजतो. "चालतोय," बाबा म्हणतात, आणि मी पुढच्या रविवारपर्यंत जीव मुठीत धरून बसतो.