दोन शून्यं

“अनया, इकडे ये बेटा. हे खरं आहे का सांग.”

रामभाऊंनी नातीपुढे फोन धरला. अनया शाळेला निघाली होती. “आजोबा, मला मराठी वाचता येत नाही. यू रीड.”

त्यांनी वाचलं. रुपयावरची दोन शून्यं निघणार. जुने शंभर म्हणजे नवा एक. लवकरच घोषणा.

“सो? ब्रेडची प्राइस पण कमी होईल ना. इट्स द सेम थिंग.”

“तुला नाही कळत त्यातलं.”

अनया खांदे उडवून बसकडे पळाली. चौदा वर्षांच्या पोरीला कळलेलं, पस्तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसलेल्या रामभाऊंना कळत नव्हतं. तसं ते घाबरट नव्हते. नोटाबंदीत वस्तीतल्या बायकांची समजूत त्यांनीच घातली होती. पण तेव्हा पेन्शनमध्ये भागत होतं, डोक्यावर स्वतःचं छप्पर होतं आणि सोबतीला बायको, मीराबाई होत्या. आता नागपूरचा फ्लॅट विकून आलेले सोळा लाख बँकेत होते, आणि ते स्वतः अमेरिकेत, चँडलरला मुलाच्या घरी. रुपया आधीच रोज घसरत होता. त्यातून सोळा लाखांचे सोळा हजार झाले तर? डोळ्यांच्या थेंबांसाठीसुद्धा सुनेपुढे हात पसरावा लागेल.

“काय बाबा तुम्ही पण! फॉरवर्ड आहे ते,” संध्याकाळी प्रितम म्हणाला.

“आमच्या जुन्या पोस्टमास्तरांनी पाठवलंय. ते काहून खोटं पाठवतील?”

प्रितम हसला आणि लॅपटॉप उघडून बसला. कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यातलं काम त्याच्या मागे घरापर्यंत येत असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामभाऊंनी नागपूरला जागृतीला फोन लावला. ती शाळेत शिकवायची आणि वस्तीतल्या मुलींची अभ्यासिका चालवायची. मीराबाई सातवीपर्यंत शिकल्या होत्या. पोरींना बसून वाचायला एक कोपरा नाही, हे त्या शेवटच्या आजारपणातही बोलून दाखवायच्या. त्या गेल्यावर रामभाऊंनी विहारात सगळ्यांसमोर उभं राहून शब्द दिला होता, अभ्यासिकेच्या खोलीचं पाच लाखांचं डिपॉझिट मी भरीन. खोलीत लावायला मीराबाईंचा फोटोही देऊन आले होते. मुली खोलीत बसू लागल्या होत्या, पण डिपॉझिटसाठी घरमालकाने शुक्रवारपर्यंतचीच मुदत दिली होती.

“जागृती, पैशाचं जरा थांबावं लागते.”

“काहून काका? तब्येत बरी आहे ना?”

“तब्येत बरी आहे. ते शून्यांचं ऐकलं असशील तू.”

“ते काय घेऊन बसले काका! शाळेत सगळे हसून राहिले त्याच्यावर.”

“हसू दे. आम्हाला इथे परदेशात राहायचं आहे बेटा. आधी सगळे डॉलरमध्ये करून घेतो. मग पाहू.”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. जागृती हळूच म्हणाली, “ठीक आहे काका. तुम्ही टेन्शन घेऊ नका.”

तिने शुक्रवारची आठवण करून दिली नाही. देणाऱ्याला टोचून बोलायचं नाही, ही तिची रीत. एकदा जरी ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं रामभाऊंना पुढे फार वाटलं.

डॉलरसाठी लागणाऱ्या कागदांची जुळवाजुळव करण्यात अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी पोस्टमास्तरांचा मेसेज आला. ‘ती बातमी खोटी होती. क्षमस्व.’ खाली जोडलेले हात होते आणि गुलाबाचं फूल.

रामभाऊ कितीतरी वेळ त्या फुलाकडे बघत राहिले. मग त्यांनी घाईघाईने फोन लावला.

“जागृती, पैसे आज टाकतो. आत्ता.”

“नका टाकू काका. खोली गेली. डबेवाल्या बाईंनी घेतली, शनिवारीच.”

“दुसरी पाहू. भाडं जास्त असलं तरी चालते.”

“एवढ्यात पोरींना सुखरूप जाता येईल अशी मिळत नाही. मी पाहून राहिली.”

“मग पोरी कुठे बसतात?”

“काही विहारात येतात. पण संध्याकाळी तिथे बुद्धवंदना असते, तर वह्या आवरून उठावं लागते. चार जणी यायच्या बंद झाल्या. त्यातल्या एकीचं लग्न ठरवून राहिले घरचे. परीक्षा दोन महिन्यांवर आहे तिची.”

बोलून तरी काय भरून येणार होतं?

“माझंच चुकलं बेटा.”

“असं नका म्हणू काका.” ती थांबली. विचारू की नको, असं तिला झालं असावं. “एक विचारायचं होतं. काकूंचा फोटो उतरवून ठेवला आहे. काच जाड आहे, नीट गुंडाळून पाठवते. पत्ता सांगा ना.”

“हो, लिहून घे.” रामभाऊ ताठ बसले. “मीरा रामभाऊ गजभिये. प्लॉट नंबर एकवीस, दुसरा मजला...”

दुसऱ्या मजल्यावरचा तो नागपूरचा फ्लॅट विकून दीड वर्ष झालं होतं.

बाहेर उन्हात रस्ता पांढरा पडला होता. फोनमध्ये जागृतीच्या पेनचा कागदावरचा आवाज थांबला.

“पुढे, काका?”