कड्याला लावलेलं कुंकू

लोहाऱ्याच्या एमआयडीसीत किसनरावांनी तीस वर्षं लेथवर कापसाच्या जिनिंगचे रोलर केले. आता खासगी कंपन्याही रॉकेटं उडवायला लागल्या, आणि हैदराबादच्या अशाच एका कंपनीचं काम अतुलशेठच्या कारखान्यात आलं: रॉकेटसाठी अ‍ॅल्युमिनियमची वीस गोल कडी. किसनरावांनी ती अशी केली की केसाचाही फरक नाही. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या, दोन लेकरांचा बाप असलेल्या राजदीपनं ती धुऊन पिशव्यांत बंद केली आणि धम्मचक्र दिनासाठी नागपूरची गाडी धरली.

इकडे खंडेनवमीला सगळ्या मशिनींना हळदकुंकू झालं. आपल्या हातचं काम आभाळात जाणार, आणि त्याला बोटभर कुंकू नाही? किसनरावांना राहवलं नाही. पिशवी उघडून एका कड्याला टिळा लावला, हात जोडले, दुपट्ट्यानं पुसलं आणि पिशवी पुन्हा बंद केली. भाबडेपणाला औषध नसतं!

हैदराबादहून माल परत आला, सोबत एक फोटो. एका कड्याच्या आट्यांच्या खाचांत लाल कण सापडले होते. पुढचं काम बंद.

"गंज हाय हा! नीट धुतलंच नाही!" अतुलशेठ कडाडले. शेठनं बापाकडून कारखाना घेतला होता, कसब नाही. राजदीपला त्यांनी कामावरून काढलं. राजदीपनं फोटो निरखला, किसनरावांकडे एकदा पाहिलं आणि डबा उचलून निघून गेला. किसनराव लेथकडे वळले.

उद्या सांगू, परवा सांगू. अन्न गोड लागेना. शेठनं नुसती हाक मारली तरी वाटायचं, कळलं यांना. चोराच्या मनात चांदणं. आपली अब्रू राखायला आपण दुसऱ्याच्या लेकरांची भाकर हिसकावली, हे त्यांना कळत होतं, आणि तरी तोंड उघडत नव्हतं.

अकराव्या दिवशी ते राजदीपच्या घरी गेले. त्याच्या बायकोनं, दिपालीनं, चहा ठेवला.

"राजदीप, ते कुंकू होतं. मी लावलं."

"मालूम हाय, काका. अ‍ॅल्युमिनियमले तांबडा गंज येत नाही. तुमीच शिकवलं पहिल्या दिवशी."

"मंग तवाच काहून नाही बोलला?"

"तुमी बोलसान, म्हणून वाट पाहून राह्यलो होतो."

किसनरावांना मान वर करवेना. "चाल, शेठकडे जाऊ."

"मी कायले येऊ, काका?"

चहा तसाच राहिला. किसनराव एकटेच कारखान्याकडे निघाले.